रोज तंबी द्यायचा

लंकाबाई पगारेच्या माहेरी शिव्यागाळी खुशाल चालायची, पण तंबी हा शब्द निघाला की घर चिडीचूप व्हायचं. तिचा बाप नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाल होता. पोत्याला हूक जास्त लागला, चार दाणे सांडले, की धक्क्यावरचा बाबू त्याला बोलावून तंबी द्यायचा. मग बाप घरी येऊन कोपऱ्यात बसायचा आणि विचारलं तर एवढंच म्हणायचा, "आज तंबी भेटली." मार खाल्लेला हमाल दुसऱ्या दिवशी कामावर जातो, तंबी मिळालेल्याला दुसऱ्या दिवसाचा भरवसा नसतो. शिवाय तंबी नेहमी वरून खाली येते. हमालानं बाबूला तंबी दिल्याचं कोणी ऐकलंय? लंकाबाई शाळेत कधी गेली नाही. हा शब्द ती बापाच्या तोंडाकडं बघून शिकली.

पुढं याच शब्दावर तिनं एका माणसाला तुरुंगात घातलं, हे आधीच सांगितलेलं बरं. ती खोटं बोलली नाही. कानांनी ऐकलं तेच तिनं कोर्टात सांगितलं, काना-मात्रेचाही फरक केला नाही. आणि तो माणूस निर्दोष होता.

बाप गेला तेव्हा धाकटा सावळीराम नुकता चालायला लागला होता. लंकाबाईचं लग्न येवल्याला झालं, पण नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि ही पुन्हा मालधक्क्यामागच्या वस्तीत आईकडं येऊन राहिली. आई शकुबाई चार घरची भांडी घासायची. त्यामुळं भावाला खऱ्या अर्थानं वाढवलं ते लंकाबाईनं. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला शाळेतून पळून आल्याबद्दल झोडपण्यापर्यंत सगळं तिच्याकडं. तो तिला अक्का म्हणायचा. "मला लेकरू नाय झालं तर नाय, माझा सावळ्या हाय ना," असं ती बायांना सांगायची. बाया तोंडावर हो म्हणायच्या आणि मागं म्हणायच्या, हिच्या हातून त्या पोराचं लग्न होणं कठीण आहे.

पंच्याहत्तर साल उजाडलं तेव्हा एकलहऱ्याच्या रस्त्याला एका ठेकेदारानं मोठ्या गोदामाचं काम धरलं होतं. लंकाबाई तिथं घमेली वाहायची आणि वीस वर्षांचा सावळीराम बिगारी म्हणून लागला होता. भिंती वर आल्या आणि लोखंडी छप्पर चढवायला मद्रासकडून खलाशांची एक टोळी आली. खलाशी म्हणजे बोटीवरचे नव्हेत. जड लोखंड दोर आणि पुलीनं उंचावर चढवून जागेवर बसवणाऱ्यांनाही खलाशीच म्हणतात. टोळीच्या म्होरक्याचं नाव आरुमुगम. हे नाव आमच्या जिभांना कुठलं पेलायला? आरमुगम, मुगम करता करता आठवड्याभरात त्याचा मूग झाला. "काय रे, मूग भिजला का?" असं बिगारी विचारायचे आणि तोही काही न कळता खो खो हसायचा.

आरुमुगम पस्तिशीचा, काळा, काटक माणूस होता. त्याला मराठी येत नव्हतं आणि हिंदीचे म्हणाल तर मोजून दहा-वीस शब्द. ते तो खिळे ठोकावेत तसे एकेक ठोकायचा. पानी. खाना. रस्सी. उप्पर. बंद. वाक्य असं त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलंच नाही. त्यामुळं तो बोट उभारून, डोळे मोठे करून सावळीरामला "तंबी!" म्हणाला, तेव्हा लंकाबाईला वाटलं की हाही त्याचा एक खिळाच. पानी म्हणजे पाणी दे, बंद म्हणजे काम बंद कर, आणि तंबी म्हणजे तंबी.

आता आरुमुगमच्या तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. आपल्या तंबीचा आणि त्या तंबीचा बादरायण संबंधसुद्धा नाही. दोन वेगळ्या मुलखांतून चालत आलेले दोन शब्द नाशिकरोडला एकाच कानावर येऊन आदळले, एवढंच. तो सावळीरामला दिवसातून पन्नास वेळा भाऊ म्हणून हाक मारायचा आणि हाकेच्या अंतरावर घमेलं घेऊन उभी असलेली सख्खी बहीण ती धमकी म्हणून ऐकायची.

गंमत अशी की तो तिला अक्काच म्हणायचा. "अक्का, पानी," असं म्हणून ओंजळ पुढं करायचा. त्याच्याही भाषेत थोरली बहीण अक्काच. हा शब्द आपल्याकडं दक्षिणेकडूनच आलेला, तेव्हा त्याचा अर्थ बदलायचं कारण नव्हतं. लंकाबाई मात्र सुखावली होती. परक्या मुलखातला माणूस, पण आपली रीत शिकला म्हणाली. त्याच्या तोंडचा एक शब्द ओळखीचा निघाला आणि त्या ओळखीवर तिनं दुसराही ओळखीचा धरला.

सावळीरामला शब्दाचा अर्थ ठाऊक होता का, हे आता कोण सांगणार? त्याला हाकेतली माया कळत होती, तेवढं त्याला पुरत होतं. तंबी म्हटलं की तो हातातलं टाकून पळत जायचा. लंकाबाईला वाटायचं, पोर घाबरून पळतंय.

एकदा तिनं भाकरी सोडताना त्याला विचारलं, "तो मूग तुला उठता-बसता तंबी का बरं देतो? काय वाकडं केलंय तू त्याचं?"

"तो दम नाय देत अक्का. तसंच बोलतो तो. लय चांगला माणूस हाय."

"चांगला हाय तर बोट कशाला नाचवतो?"

"अगं त्याची रीतच हाय तशी. मला खांबावर चढायला शिकिवलं त्यानं. सगळ्या गाठी शिकिवल्या."

"गप. तुझ्या बापाला पन सगळे चांगलेच वाटायचे," ती म्हणाली, आणि विषय तिथंच संपला. लंकाबाईपुढं विषय असेच संपायचे.

खरं सांगायचं तर तिच्या मनातला काटा वेगळाच होता. सावळीराम तिच्या हातातून सुटत चालला होता. दुपारची भाकरी तो आता मद्राशांच्या घोळक्यात बसून खायचा आणि त्यांचा आंबटढाण भात चाखायचा. आणि एक दिवस त्यानं सांगून टाकलं की इथलं छप्पर झालं की टोळी परळीला जाणार आहे, तिथं विजेच्या कारखान्याचं मोठं काम आहे, आणि मूगदादा मलाही नेतो म्हणतोय. लंकाबाईनं त्या दिवशी पाण्याच्या पिंपाजवळ आरुमुगमला गाठून वाट्टेल ते सुनावलं. त्याला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. तो हसत सावळीरामच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तंबी, परळी! परळी!" तिला ऐकू आलं ते असं, की तुझ्या भावाला दम देऊन नेतो की नाही बघ. ज्याच्यावर मन विटलं त्याच्या तोंडून माणसाला फक्त वाईटच ऐकू येतं, आणि लंकाबाईचं मन पुरतं विटलं होतं.

त्याच दिवसांत तिनं आणखी एक गोष्ट पाहिली. लोखंड उचलायच्या तारेच्या दोराचं टोक धरून आरुमुगम ठेकेदारापुढं उभा होता. दोराच्या तारा तुटून केसांसारख्या बाहेर आल्या होत्या आणि त्याच्या तळहातातून रक्त निघत होतं. "साब, रस्सी खराब. खराब," तो म्हणत होता. ठेकेदार म्हणाला, "चालतंय रे. दोनच तर कैच्या राहिल्यात." छपराला आधार देणारी तिकोनी लोखंडी चौकट, तिला कामावर कैची म्हणत. लंकाबाई घमेलं घेऊन पुढं गेली. तिला दोराशी काय करायचं होतं?

शेवटची कैची चढवताना तो दोर तुटला. आरुमुगम वर खांबाच्या टोकाला बसला होता आणि सावळीराम खाली, कैची झुलू नये म्हणून तिला बांधलेला दोर धरून उभा होता. तारा उसवायला लागल्या हे वरून आधी आरुमुगमला दिसलं. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "तंबी! तंबी! वा! वा!" सावळीरामनं वर पाहिलं, हातातला दोर सोडला आणि तो खांबाच्या दिशेनं धावला. पण दोराचा वेढा त्याच्या पायात आला, तो पडला आणि कैची त्याच्यावर आली.

लंकाबाई पंधरा हातांवर होती. आरुमुगम खांबावरून घसरत खाली आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची सालं निघाली होती. तो कैचीखाली हात घालून ती उचलू पाहत होता आणि पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत होता. लंकाबाईनं त्याचे केस धरून त्याला मागं ओढलं. "ह्यानंच मारला! रोज तंबी द्यायचा! आत्ता पन तंबी दिली आन् पोर भेदरलं! आन् वर वा वा म्हनतो, मेल्या!" बिगाऱ्यांनी एवढंच ऐकलं. पोलीस येईपर्यंत त्यांनी आरुमुगमला असा बडवला की त्याच्या डाव्या कानाला पुढं कधी ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार मुकादम कोंडाजीला घेऊन वस्तीवर आला. शकुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला रडूही येत नव्हतं. ठेकेदारानं लंकाबाईला काही शिकवलं नाही की पढवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो म्हणाला, "बाई, तू जे ऐकलंस तेच सांग. एक शब्द जास्त नको." हुशार माणूस. त्याला कळलं होतं की ही बाई खरं बोलली म्हणजे आपलं काम झालं. टोळीतल्या बाकीच्यांचा हिशेब करून त्यानं त्यांना त्याच दिवशी गाडीत बसवून दिलं. आरुमुगमची भाषा समजणारं माणूस नाशिकरोडला उरलं नाही.

खटला उभा राहिला तो हयगयीनं मृत्यू घडवल्याचा. दोराची जबाबदारी खलाशाची होती असं ठेकेदारानं सांगितलं. आरुमुगमचं मृताशी वाकडं होतं, त्यानं ऐन वेळी दम भरून पोराला बावचळवलं आणि त्याच्या मरणावर आनंद केला, असं सरकारी वकिलांचं म्हणणं होतं. आरुमुगमला एक तरुण वकील दिलेला होता. त्याची ही पहिली-दुसरीच केस असावी. दुभाषा मिळावा असा अर्ज त्यानं केला होता, पण दुभाषा आला नाही आणि तारखाही किती वाढवणार?

लंकाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं.

"तो नेमकं काय म्हणाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तंबी म्हन्ला साहेब. तंबी, तंबी, असं दोन वेळा. मंग वा वा म्हन्ला."

"तंबी म्हणजे काय?"

"तंबी म्हंजे तंबीच की साहेब," लंकाबाई म्हणाली. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही किंचित हसले आणि पुढं चला म्हणाले.

तिथं एकाला जरी शब्द अनोळखी वाटला असता तर त्यानं अर्थ विचारला असता. पण तो शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना येत होता. दम देणारा माणूस काही "दम! दम!" असं ओरडत नाही, हे एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. मद्राशाची भाषा तोडकी, त्याला जमेल तसा बोलला असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं.

आणि तेवढ्यात ते झालं. इतका वेळ मूग गिळून उभा असलेला आरुमुगम एकदम जागा झाला. बाईच्या बोलण्यातला एक शब्द त्याला कळला होता. त्याला वाटलं, ही सांगतेय. मी हिच्या भावाला काय म्हणायचो ते ही साहेबाला सांगतेय. त्यानं जोरजोरात मान हलवली आणि आपल्या भाषेत हो, हो म्हणत तो रडत ओरडला, "आमा! आमा! तंबी! मेरा तंबी, साब! मेरा तंबी!"

"आरोपी कबूल करतोय," सरकारी वकील म्हणाले.

आपली तंबी स्त्रीलिंगी. मेरी तंबी म्हणायला हवं होतं. पण मद्राशाच्या हिंदीत स्त्रीलिंग-पुल्लिंगाची बोंबच असते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्या एका अक्षराकडं कोणी पाहिलं नाही. आरुमुगमनं लंकाबाईकडं वळून हात जोडले. "अक्का," तो म्हणाला, "अक्का." तो तिचे आभार मानत होता. लंकाबाईला वाटलं गयावया करतोय, आणि तिनं तोंड फिरवलं.

त्याला दीड वर्षाची सजा झाली. ठेकेदारानं लंकाबाईला आपल्या यार्डात झाडलोटीला कायमची लावून घेतली. यार्डात पुल्या, दोर, लोखंड पडलेलं असायचं. महिन्याच्या महिन्याला पगार आणि दिवाळीला लुगडं मिळायचं. वस्तीतले लोक म्हणाले, ठेकेदार देवमाणूस आहे. लंकाबाईलाही तसंच वाटायचं.

सजा भोगून आरुमुगम एकदा यार्डाच्या फाटकाशी आला. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्या कोणाचा तरी सदरा. तिला पाहून त्यानं हात जोडले आणि जमिनीकडं बोट करून काहीतरी विचारलं. सावळीरामला कुठं पुरलं, असं विचारत असावा. त्याच्या हातात झेंडूची माळ होती. लंकाबाईनं झाडू उगारला. "पुन्हा हिकडं फिरकलास तर तंगडी मोडून हातात देईन! हे शेवटचं सांगते तुला!" या साऱ्या गोष्टीत खरीखुरी तंबी दिली गेली ती एवढी एकदाच, आणि ती लंकाबाईनं दिली. माळ फाटकाला अडकवून तो निघून गेला. तिनं ती केरात टाकली.

चौऱ्याऐंशी साली यार्डातलं काम अर्ध्या दिवसाचं झालं म्हणून लंकाबाईनं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एक भांड्याचं काम धरलं. घर तमिळ माणसाचं होतं, नुकतीच बदली होऊन आलेलं. घरधनीण सरोजम्मा बाजारापुरतं मराठी शिकली होती. तिला दोन मुलगे, थोरला चार वर्षांचा आणि धाकटा रांगता. एक दिवस थोरल्यानं धाकट्याच्या हातातला खुळखुळा हिसकावला आणि सरोजम्मा त्याच्यावर खेकसली. त्या बोलण्यात लंकाबाईनं तो शब्द ऐकला.

"एवढ्याशा लेकराला कसली तंबी देता बाई?" ती सहज म्हणाली.

सरोजम्मा हसली. "देत नाही. हा तंबी." तिनं रांगत्या पोराला उचलून कडेवर घेतलं. "तंबी म्हणजे छोटा भाऊ. मोठा अण्णा, छोटा तंबी. मुलगी पाहिजे होता, पण तंबी आला!"

लंकाबाईनं पातेलं घासून पालथं घातलं, पुढचं घेतलं. सगळी भांडी झाली, ओटा पुसून झाला, तरी ती मोरीतून उठेना. सरोजम्मानं तब्येत विचारली तर म्हणाली, पाय आखडलेत.

त्यानंतर काही दिवस ती एकाच गोष्टीला धरून होती. बरं, तंबी म्हणजे भाऊ. असेल. पण तो वा वा म्हणाला होता. माझा भाऊ मरत असताना तो वर बसून वाहवा करत होता, हे मी ऐकलंय. त्या वा वा मध्ये तरी तो गुन्हेगार असलाच पाहिजे होता, नाहीतर तिचं काय? सरोजम्माला विचारायचं तिला धाडस होत नव्हतं, आणि विचारावं लागलंही नाही. रांगतं पोर भिंतीला धरून पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा सरोजम्मा समोर बसली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "वा, तंबी, वा! वा!" पोर दोन पावलं टाकून तिच्या मांडीत येऊन पडलं. ये म्हणत होती ती. आरुमुगम ये म्हणत होता. कैचीखालून निघ, माझ्याकडं ये. आणि सावळीराम त्याच्याकडंच धावला होता.

लंकाबाई आरुमुगमच्या त्या वकिलाकडं गेली. एव्हाना त्याचं मोठं नाव झालं होतं आणि कचेरीत पक्षकारांची रांग लागलेली असायची. त्यानं तिला ओळखलं नाही, पण तंबी म्हटल्यावर केस आठवली. सगळं ऐकून तो खुर्चीत मागं रेलला. "कमाल आहे!" तो म्हणाला. "बाई, आपली तंबी मूळची अरबी. तंबीह. फारसीतून दरबारात आली, तिथून आपल्याकडं. तिचा मूळ अर्थ दम देणं नव्हेच. जागं करणं, सावध करणं. आणि तमिळ तंबी साफ वेगळी. काय योगायोग बघा!" त्यानं आत हाक मारून कारकुनाला बोलावलं आणि त्यालाही ती गोष्ट सांगितली. दोघे हसले. वाईट मनानं हसले नाहीत, पण हसले. शिकलेल्या माणसाला शब्दाची मौज वाटते. त्याखाली कोण मेलं आणि कोण आत गेलं, हे त्याला नंतर आठवतं.

"मंग आता काय करायचं साहेब?" लंकाबाईनं विचारलं. "मी पुन्हा सांगते साहेबाला. मला कळलं नव्हतं म्हनून सांगते. दोर झिजलेला व्हता आन् त्यानं ठेकेदाराला दाखिवला व्हता, ते बी सांगते. ते मी पाह्यलंय."

वकील गंभीर झाला. "हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"कोनी इचारलं नाय."

त्यानं मान हलवली. "सजा भोगून झालीय बाई. आता कोणाला सांगणार? त्याचा पत्ता तरी आहे का तुझ्याकडं?"

पत्ता मुकादम कोंडाजीकडं असेल म्हणून ती त्याच्याकडं गेली. कोंडाजी म्हातारा झाला होता. तो म्हणाला, पत्ता कशाला पाहिजे? मूग परळीलाच मेला. एका कानानं बहिरा, मागून गाडी आली ती त्याला कळली नाही. कोंडाजीला हे कळून पाच वर्षं झाली होती आणि तिला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

राहिली शकुबाई. मोतीबिंदूनं तिची नजर गेली होती आणि ती दिवसभर दारात बसून असायची. पोरगा गेल्यापासून तिचा एक नेम होता. दिवेलागणीला ती त्या मद्राशाला शिव्या घालायची. अगदी शांतपणे, पदर डोक्यावर घेऊन, बाकीच्या बाया वंदना म्हणाव्यात तशी. त्याचे हात झडोत, त्याच्या वंशाला दिवा न राहो, त्याला मरताना पाण्याचा थेंब न मिळो. मग ती भाकरी खायची आणि झोपायची. वस्तीला सवय झाली होती. म्हातारी त्यावरच जगतेय, असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं.

लंकाबाईनं त्या संध्याकाळी तिचा हात धरला आणि शिव्या सुरू व्हायच्या आत सगळं सांगितलं. तंबीचं सांगितलं, वा चं सांगितलं, दोराचं सांगितलं. तो परळीला मेला हेही सांगितलं.

शकुबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "मंग आपन ज्याचं खातो, दोर त्याचा व्हता?"

"हां माय."

"आन् तुला म्हाईत व्हतं."

"दोर पाह्यला व्हता मी. पन..."

"सोडशील त्याचं काम?"

 काम सोडून दोघींनी खायचं काय? म्हातारीच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठेकेदारच करून देतो म्हणाला होता.

शकुबाईनं आपला हात सोडवून घेतला. "मंग मी आता शिव्या कोनाला देऊ?" ती म्हणाली. तिचा आवाज पोराच्या मौतीलाही फुटला नव्हता तसा फुटला. "मेलेल्या बिचाऱ्याला देऊ? का जेवू घालनाऱ्याला देऊ? सांग ना! माझा तोच एक व्हता, त्याला पन तू काढून घेतलं!"

"मला दे, माय," लंकाबाई म्हणाली.

म्हातारी थांबली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नेहमीच्या शांत आवाजात सुरुवात केली. तुझे हात झडोत, लंके. तुझ्या वंशाला दिवा तर नाहीच. तुला मरताना पाण्याचा थेंब न मिळो. लंकाबाईनं परात पुढं ओढली, पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसली. शकुबाई त्यानंतर दोन वर्षं जगली आणि तिनं एकही संध्याकाळ चुकवली नाही.